वर्षाला शंभरात एक

श्रोतेहो, नमस्कार.

वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवत असताना दर वर्षी नव्या वर्गाला मी एक वाक्य सांगत असे. हृदयाच्या स्नायूतील पेशी माणसाला जन्माच्या सुमारास मिळतात तेवढ्याच. त्यांतली एक मेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही. हे वाक्य माझ्या शिक्षकांनी मला सांगितले होते, ते पाठ्यपुस्तकात छापलेले होते आणि परीक्षेत ते लिहिणाऱ्याला गुण मिळत होते. 2009 साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतून एक शोधनिबंध आला आणि ते वाक्य मला बदलावे लागले. बदल आकड्याने अगदी लहान होता, पण हृदय निकामी होण्याच्या विकारावर आज जे संशोधन चालले आहे त्यातले पुष्कळसे त्या लहान आकड्याभोवतीच फिरते. त्याविषयी आज मी बोलणार आहे.

आधी ही पेशी काय करते ते पाहू. आपले हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. हृदयाच्या स्नायूतील एक पेशी फार तर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी लांब असते आणि तिच्यात अ‍ॅक्टिन व मायोसिन या प्रथिनांचे धागे इतके दाटीने, इतक्या शिस्तीने रचलेले असतात की सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यावर आडवे पट्टे दिसतात. तिच्या आकारमानाचा जवळजवळ तिसरा हिस्सा ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांनी व्यापलेला असतो, कारण हातापायांच्या स्नायूंना मिळते तशी सुट्टी तिला कधीच मिळत नाही. विजेचा संदेश आला की बाहेरून थोडे कॅल्शियम पेशीत शिरते, ते आतल्या साठ्याचे दार उघडते, तिथून आणखी पुष्कळ कॅल्शियम बाहेर पडते आणि ट्रॉपोनिन नावाच्या प्रथिनाला चिकटते. मग धागे एकमेकांत सरकतात आणि पेशी आखडते. लगेच त्यातले बहुतेक कॅल्शियम पुन्हा साठ्यात ओढून घ्यावे लागते, तेव्हाच ती सैल होते. सैल होण्यालाही ऊर्जा खर्चावी लागते, ही गोष्ट विद्यार्थ्यांना पटवायला मला नेहमी वेळ लागे.

कॅल्शियमचे हे महत्त्व कळले ते एका चुकीमुळे. सिडनी रिंगर हे लंडनमधील वैद्य बेडकाचे हृदय शरीराबाहेर मिठाच्या द्रावणात धडधडत ठेवण्याचे प्रयोग करीत होते. साध्या मिठाच्या पाण्यात हृदय बराच वेळ चालते असे 1882 साली त्यांनी प्रसिद्धही केले. पुढे त्यांच्या लक्षात आले की द्रावण करणाऱ्या मदतनीसाने शुद्ध, ऊर्ध्वपातित पाणी न वापरता नळाचे पाणी वापरले होते. शुद्ध पाण्यात द्रावण केले तेव्हा त्याच हृदयाचे ठोके मंदावत गेले आणि थांबले. नळाच्या पाण्यात जे होते आणि शुद्ध पाण्यात जे नव्हते ते कॅल्शियम. रिंगर यांनी 1883 साली आपलेच निष्कर्ष दुरुस्त करणारा निबंध छापला. रुग्णालयात सलाईनच्या बाटलीवर 'रिंगर लॅक्टेट' असे लिहिलेले आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. ते नाव याच रिंगर यांचे. काजळी धरलेल्या फिरत्या ड्रमवर बेडकाच्या हृदयाचा आलेख काढायला मी विद्यार्थ्यांना शिकवत असे, तेव्हा ही हकिकत मुद्दाम सांगत असे, कारण स्वतःचा निष्कर्ष जाहीरपणे मागे घेणारा संशोधक त्यांना लवकर भेटावा असे मला वाटे.

आता हृदयविकाराच्या झटक्याकडे वळू. हृदयाला रक्त पुरवणारी रोहिणी गुठळीने बंद झाली की पलीकडच्या पेशी अर्ध्याएक तासातच मरू लागतात. फुटलेल्या पेशींतून ट्रॉपोनिन रक्तात उतरते. छातीत कळ आलेल्या माणसाची तातडीने जी ट्रॉपोनिन चाचणी करतात, ती मेलेल्या पेशींची ही खूण शोधण्यासाठीच. डाव्या खालच्या कप्प्यात, म्हणजे डाव्या निलयात, सुमारे दोनशे ते चारशे कोटी स्नायूपेशी असतात आणि एका मोठ्या झटक्यात त्यांतल्या शंभर कोटींपर्यंत पेशी नष्ट होऊ शकतात. शरीर ती जागा तंतुमय ऊतींनी भरून काढते. हा वण बळकट असतो, तो हृदय फाटू देत नाही. पण तो आकुंचन पावत नाही. त्याचे काम उरलेल्या पेशींवर पडते, त्या ताणल्या जातात, कप्पा पसरतो, कॅल्शियम ओढून घेण्याची यंत्रणा मंदावते आणि काही महिन्यांत किंवा वर्षांत माणसाला जिना चढताना धाप लागू लागते. आजची औषधे ही घसरण पुष्कळ रोखतात आणि आयुष्य वाढवतात. गेलेल्या पेशी मात्र ती परत आणत नाहीत. कॅल्शियम साठ्यात ओढणारे, पंपासारखे काम करणारे प्रथिन जनुकाद्वारे पुरवून पाहण्याची एक मोठी चाचणी अडीचशे रुग्णांवर झाली, परंतु 2015 साली जाहीर झालेल्या तिच्या निकालात रुग्णांना काहीही लाभ झालेला दिसला नाही.

मग नव्या पेशीच मिळाल्या तर? या प्रश्नाच्या वाटेवर एक दुःखद प्रकरण घडले आणि ते टाळून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. 2001 साली न्यूयॉर्कच्या पिएरो अँव्हर्सा यांच्या गटाने, अस्थिमज्जेतील मूलपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून इतर पेशी घडू शकतात अशा पेशी, उंदराच्या जखमी हृदयात टोचल्यावर त्यांतून नवा हृदयस्नायू तयार होतो, असे जाहीर केले. पुढे त्यांनी प्रौढ हृदयातच स्वतःच्या मूलपेशी असतात असाही दावा केला. बातमी आशेची होती आणि जगभर रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या. 2004 मध्येच दोन स्वतंत्र गटांनी अस्थिमज्जेतील पेशींपासून हृदयस्नायू होत नाही असे दाखवले होते. 2014 मध्ये, हृदयातील त्या तथाकथित मूलपेशींपासून स्नायूपेशी जवळजवळ तयारच होत नाहीत हेही स्पष्ट झाले. अखेर ऑक्टोबर 2018 मध्ये अँव्हर्सा पुढे जिथे काम करीत होते त्या हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयाने आणि ब्रिगम रुग्णालयाने त्यांच्या प्रयोगशाळेतील 31 निबंध मागे घेतले जावेत असे कळवले, कारण त्यांत खोटी किंवा बनावट माहिती आढळली होती. जवळजवळ सतरा वर्षे गेली. ज्यांच्याकडे वर्षे कमी होती अशा माणसांनी त्या काळात आपली हृदये या कल्पनेच्या स्वाधीन केली, याचे मला आजही वाईट वाटते. मूलपेशींची इंजेक्शने देऊन हृदय बरे करतो असे सांगणारे आजही भेटतात, म्हणून हे सांगून ठेवतो: भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या विकारांसाठीचे प्रत्यारोपण सोडले, तर मूलपेशींचा असा वापर हा प्रयोगच मानला जातो आणि मान्यताप्राप्त चाचणीबाहेर, पैसे घेऊन तो करता येत नाही.

याच गोंगाटात स्टॉकहोममध्ये योनास फ्रिसेन आणि ओलाफ बर्गमन एक निराळाच प्रश्न विचारत होते. पेशी टोचण्याआधी, माणसाच्या हृदयात आपोआप नव्या पेशी तयार होतात का, हे तरी नक्की करता येईल का? जिवंत माणसात हे मोजायचे कसे? त्यांनी मदत घेतली ती अणुबाँबच्या चाचण्यांची. 1955 ते 1963 या काळात उघड्यावर झालेल्या चाचण्यांमुळे वातावरणातील कार्बन-14 या किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. 1963 च्या करारानंतर अशा चाचण्या बहुतांशी थांबल्या आणि ते प्रमाण वर्षागणिक उतरत गेले. वनस्पती हवेतला कार्बन घेतात, धान्यातून तो आपल्या शरीरात येतो आणि पेशी जन्मताना तिच्या डीएनएत जाऊन बसतो. पेशी पुन्हा विभागली नाही तर तो तिथून सहसा हलत नाही. म्हणजे प्रत्येक पेशीच्या डीएनएवर तिच्या जन्मवर्षाचा शिक्का असतो, तो वाचता आला पाहिजे एवढेच.

वाचणे मात्र अतिशय किचकट होते. हृदयात स्नायूपेशींखेरीज इतर पेशी पुष्कळ असतात आणि त्या सतत बदलत असतात, त्यामुळे सरसकट मोजणी केली तर उत्तर चुकते. संशोधकांनी मृत व्यक्तींच्या हृदयातून पेशीकेंद्रे वेगळी केली, त्यांतली स्नायूपेशींची केंद्रे पुन्हा ट्रॉपोनिनच्याच खुणेने निवडून काढली, आणि पेशी न विभागता आपला डीएनए नुसता दुप्पट करते तेव्हा होणारा गोंधळही हिशेबातून वजा केला. चाचण्यांच्या आधी जन्मलेल्या लोकांच्या हृदयपेशींत, त्यांच्या जन्मवेळी हवेत असायला हवा होता त्याहून जास्त कार्बन-14 सापडला. याचा अर्थ, त्यांतल्या काही पेशी त्यांच्या जन्मानंतर पुष्कळ वर्षांनी तयार झाल्या होत्या. पंचविसाव्या वर्षी दर वर्षी सुमारे 1 टक्का आणि पंचाहत्तराव्या वर्षी सुमारे 0.45 टक्के पेशी नव्या होतात, आणि आयुष्यभरात निम्म्याहून कमी पेशी बदलतात, असे उत्तर आले. झटक्यात गेलेल्या शंभर कोटी पेशी भरून काढायला हा वेग कधीच पुरणार नाही, हे उघड आहे. पण वेग शून्य नाही. हृदयाची पेशी नवी होऊ शकते, आणि तरीही एवढी क्वचित का होते, असा नेमका प्रश्न त्यानंतर विचारता येऊ लागला.

या प्रश्नाचे पहिले उत्तर झेब्राफिश देतो. हा बोटाच्या पेराएवढा पट्टेदार मासा मूळचा आपल्याच उपखंडातल्या ओढ्यांचा आणि भातखाचरांचा. त्याच्या निलयाचा पाचवा हिस्सा कापून टाकला तरी दोन महिन्यांत तो भरून येतो, असे 2002 साली बोस्टनच्या संशोधकांनी दाखवले. पुढे 2010 मध्ये कळले की त्या नव्या पेशी कोणत्याही मूलपेशींतून येत नाहीत. शिल्लक राहिलेल्या स्नायूपेशीच आपली धाग्यांची घट्ट रचना सैल करतात, विभागतात आणि पुन्हा कामाला लागतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही या माशावर संशोधन चालते.

एक दिवसाच्या उंदरालाही हे जमते, सात दिवसांच्या उंदराला जमत नाही, असे 2011 मध्ये अमेरिकेतील डॅलसच्या संशोधकांना आढळले. त्या सात दिवसांत काय बदलते? गर्भात प्राणवायू कमी असतो. जन्मताच फुप्फुसे सुरू होतात, तंतुकणिका जोरात कामाला लागतात, त्यांतून निघणारी ऑक्सिजनयुक्त दाहक द्रव्ये डीएनएला इजा करतात आणि पेशी विभागणी थांबवते. याच गटाने प्रौढ उंदरांना हळूहळू केवळ 7 टक्के प्राणवायू असलेल्या हवेत नेले, म्हणजे एव्हरेस्टच्या माथ्यावर असते तितक्या विरळ हवेत, तेव्हा त्यांच्या हृदयात पुन्हा विभागणी दिसली. अविरत धडधडण्याची ताकद आणि नव्याने जन्मण्याची क्षमता या दोन गोष्टी एका पेशीत एकत्र नांदत नाहीत, असा याचा अर्थ मला दिसतो.

दुसरी वाट बाहेरून पेशी आणण्याची. शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये साध्या पेशींना भ्रूणपेशींसारखे करण्याची युक्ती शोधली, आणि अशा पेशींपासून आता प्रयोगशाळेत खरोखर धडधडणारा हृदयस्नायू तयार होतो. जर्मनीतील गॉटिंगेनच्या गटाने अशा स्नायूची ठिगळे एका रुग्णाच्या निकामी हृदयावर शिवली. पुढे त्या रुग्णाला हृदयप्रत्यारोपण झाले तेव्हा काढलेल्या हृदयावर ती ठिगळे जिवंत आढळली आणि त्यांत रक्तवाहिन्याही शिरलेल्या होत्या. 2025 मध्ये ही माहिती प्रसिद्ध झाली. रुग्णाला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात; शिवाय माकडांवरील आधीच्या प्रयोगांत, थेट टोचलेल्या पेशी आपल्या वेगळ्याच लयीने धडधडू लागल्यामुळे ठोके बिघडले होते. लय हेच ज्या अवयवाचे जीवन, त्याच्यात नवे रहिवासी आणताना हा धोका हलका मानता येणार नाही.

अलीकडच्या ज्या निरीक्षणाने मला सर्वाधिक विचारात पाडले ते पुन्हा कार्बन-14 वरचेच आहे. निकामी झालेल्या हृदयात आधीचा तो एक टक्काही उरत नाही, पेशी नव्या होण्याचा वेग निरोगी हृदयाच्या कितीतरी खाली जातो, असे बर्गमन यांच्या गटाला दिसले. परंतु ज्या रुग्णांना हृदयाचे काम हलके करणारा यांत्रिक पंप बसवला होता आणि ज्यांचे हृदय त्यानंतर सुधारले, त्यांच्यात हा वेग निरोगी हृदयाच्या किमान सहापट होता. जन्मापासून क्षणभरही न थांबलेल्या स्नायूला पंपामुळे विसावा मिळाला आणि त्या विसाव्यात तो विभागू लागला असावा, असा यावरून तर्क केला जातो. पंप बसवलेल्या सर्वांच्या हृदयात असे होत नाही. सुमारे एक चतुर्थांश रुग्णांतच अशी सुधारणा दिसते. पंप तोच आणि विसावाही तोच असताना एकाच्या हृदयात पेशी जन्मतात आणि दुसऱ्याच्या हृदयात जन्मत नाहीत, असे का व्हावे, हे आता शोधले जात आहे.

नमस्कार.