आधी सुई, मग सुरी

(दृश्य: परळ, सकाळ. दवाखान्याबाहेरची रांग.)

मुंबईत परळला पत्ता विचारताना लोक आजही ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणतात. नाव पडलं तेव्हा ओझी ओढणारे बैल आणि गाडीचे घोडे हेच इथले मुख्य पेशंट. त्याच आवारात १८८६ पासूनचं बॉम्बे व्हेटरनरी कॉलेज. आता रांगेत दिसतात लॅब्रेडॉर, पग, गल्लीतून घरात आलेले इंडी आणि टोपलीत दबून बसलेली मांजरं. घरात नीट खाऊनपिऊन वाढलेली जनावरं म्हातारी होईपर्यंत जगतात. म्हातारपणाबरोबर अंगावर गाठीही येतात.

(दृश्य: उपनगरातला एक छोटा दवाखाना. तपासणीचं टेबल.)

टेबलावर आहे जिनी. लॅब्रेडॉर, वय नऊ. डाव्या कुशीवर, शेवटच्या बरगडीच्या मागे, दोन सेंटिमीटरची गाठ. घरच्यांच्या हाताला ती पावसाळ्यातच लागली होती. दुखत नव्हती, जिनी जेवत होती, म्हणून अंगावर काढली.

“चरबीचीच असेल ना डॉक्टर? मध्ये तर कमीही झाली होती.”

“असेलही चरबीची. पण काकू, बोटांना ते कळत असतं तर मी मायक्रोस्कोप कशाला घेतला असता?”

चरबीची गाठ मऊ असते, कातडीखाली सरकते. अडचण अशी, की मास्ट सेल ट्यूमरही मऊ असू शकतो, सरकू शकतो. कधी तो चामखिळीसारखा दिसतो, कधी किडा चावल्यासारखा, कधी नुसता केस गेलेला लाल चट्टा. कुत्र्यांच्या कातडीच्या घातक गाठींमध्ये सर्वांत जास्त आढळणारी हीच, आणि सोंगं घेण्यातही हीच पुढे. ‘मध्ये कमी झाली होती’ हे काकूंना दिलासा देणारं वाक्य डॉक्टरांच्या कानाला मात्र खटकलेलं आहे. का, ते पुढे येईल.

(दृश्य: सुईचा क्लोजअप.)

साधी बावीस नंबरची सुई. भूल नाही, टाका नाही. डाव्या हाताच्या दोन बोटांत गाठ धरायची, सुई आत घालून तीनचार दिशांना हलवायची, बाहेर काढायची. हवा भरलेली सिरिंज सुईला लावून आत अडकलेला थेंब काचेवर उडवायचा आणि दुसऱ्या काचेने हलकेच पसरायचा. जोर लावला तर पेशी फुटतात, आणि वाचायला उरतं काहीच नाही. काच हवेत वाळते, मग रंग चढतो. जिनीला या सगळ्यात रस नाही. तिचं लक्ष बिस्किटांच्या बरणीकडे.

सुई टोचली की गाठ पसरते, ही भीती बऱ्याच घरांत ऐकू येते. कातडीवरच्या गाठींच्या बाबतीत तिच्यात फारसा दम नाही. खरा धोका उलट बाजूचा आहे: काय आहे हे न कळता थेट सुरी लावणं.

कारण गाठ बदलली की उपाय बदलतो. काचेवर नुसते चरबीचे थेंब दिसले तर मोजमाप लिहून ठेवायचं आणि लक्ष ठेवायचं. वर्षा-दोन वर्षांच्या कुत्र्याच्या कानावर किंवा पायावर बटणासारखी लाल गाठ उठली आणि ती हिस्टिओसायटोमा ही निरुपद्रवी गाठ निघाली, तर ती बहुधा दोन-तीन महिन्यांत आपली आपण जिरते.

आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांमध्ये आपल्याकडे सर्रास दिसणारा टीव्हीटी, म्हणजे ट्रान्समिसिबल व्हेनेरियल ट्यूमर, समागमातून पसरणारी गाठ. जननेंद्रियावर, कधी नाकात, कधी कातडीवर, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा लाल, रक्ताळलेला. हा विलक्षण प्रकार आहे. ही गाठ त्या कुत्र्याच्या स्वतःच्या पेशींची नसतेच. हजारो वर्षांपूर्वीच्या एका कुत्र्याच्या कॅन्सरच्या पेशी समागमातून, चाटण्या-हुंगण्यातून आजवर एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जिवंत उतरत आल्या आहेत. कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रं असतात, या पेशींत साठच्या आसपासच. टीव्हीटी कापून काढला तर पुष्कळदा परत येतो. आठवड्याला एक याप्रमाणे व्हिन्क्रिस्टिनची काही इंजेक्शनं दिली, की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. हे औषध निघतं सदाफुलीतून. हो, तीच, कुंडीत फुकट उगवणारी. अशा कुत्र्याला ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, नेणं म्हणजे त्याला विनाकारण भूल देणं.

(दृश्य: मायक्रोस्कोपमधलं चित्र. जांभळ्या दाण्यांनी भरलेल्या गोल पेशी.)

जिनीच्या काचेवर चरबी नाही.

गोल पेशी, आणि त्यांच्यात ठासून भरलेले जांभळे दाणे. या मास्ट सेल. पॉल एर्लिख यांनी १८७८ मध्ये, विद्यार्थी असतानाच, आपल्या प्रबंधात त्यांचं वर्णन केलं. झटपट रंगाने हे दाणे कधी कधी उठतच नाहीत. म्हणून शंका आली की अनुभवी डॉक्टर जिम्सा किंवा लीशमनचा रंग देऊन पुन्हा बघतात.

दाण्यांत असतं हिस्टामिन. गाठ दाबली, चोळली, की ते सुटतं. आजूबाजूची कातडी लाल होते, फुगते, काही वेळाने उतरते. काकूंना गाठ ‘कमी झालेली’ दिसली ती अशी. हेच हिस्टामिन रक्तातून पोटात पोचलं की आम्ल वाढतं, अल्सर होतो. म्हणून डॉक्टर लगेच विचारतात: उलट्या होतात का? शी डांबरासारखी काळी होते का? आणि सांगतात: घरी गाठ कुणी चाचपत बसायचं नाही.

ऑपरेशनची तारीख लगेच मिळत नाही. आधी काखेतले आणि जांघेतले लिम्फ नोड तपासायचे, हाताला मोठे लागले नाहीत तरी सुई घालून. मग रक्त, आणि पोटाची सोनोग्राफी, विशेषतः प्लीहा आणि यकृत. कारण गाठ पसरते ती याच वाटेने.

(दृश्य: ओटी. कूस भादरलेली. निळ्या पेनने आखणी.)

भूल देण्याआधी अँटिहिस्टामिन दिलेलं आहे. गाठीला हात लागताच हिस्टामिनचा लोंढा सुटला, तर टेबलावरच रक्तदाब कोसळू शकतो.

आता पट्टी आणि पेन. गाठीच्या कडेपासून चारही बाजूंना दोन सेंटिमीटर मोजले जातात. गाठ अधिक वाईट असल्याचा संशय असता, तर तीन. दोन सेंटिमीटरची गाठ, पण आखलेलं वर्तुळ सहा सेंटिमीटरचं. म्हणजे क्षेत्रफळात नऊपट. घरच्यांना धक्का बसतो तो इथे. एवढ्याशा गाठीला एवढी मोठी जखम? पण डोळ्याला दिसते ती गाठीची कड खरी कड नसते. पेशी त्यापुढे मुळं सोडून बसलेल्या असतात.

रुंदीइतकीच खोलीही महत्त्वाची. चरबीचा थर ओलांडून त्याखालचा फॅसिया, म्हणजे स्नायूवरचं चिवट पांढरं आवरण, गाठीबरोबर एकसंध उचललं जातं. चरबी हे कॅन्सरला अडवणारं कुंपण नाही, फॅसिया थोडंफार आहे. गाठ उघडी पडता कामा नये. सर्जन तिच्याकडे पाहतही नाहीत, ते पाहतात आजूबाजूच्या निरोगी मांसाकडे.

गाठ निघाली. हातमोजे बदलले, हत्यारं बदलली. ज्या चिमट्याने गाठ धरली त्यानेच जखम शिवायची, तर तिथल्या पेशी आपणच नव्या जागी पेरल्यासारखं होईल.

वर्तुळ तसंच शिवलं तर टोकांना कातडीचे कान उभे राहतात. म्हणून ते लांबोळं करून घेतात, कातडीच्या ताणाच्या दिशेने. मग कडांखाली कात्री घालून कातडी मोकळी करायची, आतून विरघळणारे टाके, वरून नायलॉन. कुशीवर कातडी सैल असते, त्यामुळे जिनीचं नशीब बरं. हीच गाठ मनगटाजवळ असती तर दोन सेंटिमीटर आणायचे कुठून? तिथे मग कातडी वळवून आणावी लागते, जखम उघडी ठेवून भरू द्यावी लागते, कधी पायाचाच विचार करावा लागतो. म्हणूनच पहिलं ऑपरेशन सर्वांत मोलाचं. अर्धवट काढलेल्या गाठीसाठी दुसऱ्यांदा गेलं, की कातडी कमी आणि व्रण जास्त.

(दृश्य: फॉर्मलिनची बरणी.)

या फिल्ममधलं सर्वांत दुर्लक्षित पात्र म्हणजे ही बरणी. काढलेली गाठ सडू नये म्हणून हिच्यात बुडवून लॅबमध्ये तपासायला पाठवतात. आपल्याकडे कितीतरी गाठी ऑपरेशननंतर थेट कचऱ्यात जातात. ‘निघाली ना एकदाची, आता तपासणीचे पैसे कशाला’ असं पालक म्हणतात आणि डॉक्टरही फार ताणत नाहीत. हे चूक आहे, आणि स्पष्ट बोलायला हवं. सुईने गाठ कोणती ते सांगितलं. ती किती वाईट आणि पूर्ण निघाली की नाही, हे फक्त ही बरणी सांगणार.

गाठीच्या कापलेल्या कडांना शाई लावतात, एका टोकाला खुणेचा दोरा बांधतात. मग दहापट फॉर्मलिन. लोणच्याच्या बाटलीत तुकडा कोंबून, वर चमचाभर फॉर्मलिन घालून पाठवला, तर आतला भाग लॅबमध्ये पोचेपर्यंत सडतो.

(दृश्य: रिपोर्टचा कागद.)

मास्ट सेल ट्यूमरची प्रतवारी दीर्घकाळ पटनाईक यांच्या १९८४ च्या पद्धतीने झाली: एक, दोन, तीन. पण बहुतेक गाठी मधल्या दोन नंबरात जाऊन बसायच्या आणि पालकांना सांगायचं काय, हा प्रश्न उरायचा. २०११ मध्ये किउपेल आणि सहकाऱ्यांनी दोनच कप्पे केले, लो आणि हाय. त्यांच्या अभ्यासात हाय ग्रेडची निम्मी कुत्री त्यापुढे चार महिनेही जगली नाहीत, लो ग्रेडची निम्मी दोन वर्षांहून जास्त जगली.

जिनीचा रिपोर्ट: लो ग्रेड, कडा स्वच्छ. बहुतेक वेळा अशा गाठीला ऑपरेशनच पुरतं. हाय ग्रेड असता तर व्हिनब्लास्टिन सुरू झालं असतं. तेही सदाफुलीचंच. टाके बारा दिवसांनी निघतील, तोवर गळ्यात प्लास्टिकचा कोन. तो घालून ती दाराच्या चौकटीला धडकत फिरणार.

(दृश्य: पांढरं मांजर, कानाच्या टोकाला खपली.)

मांजरांचा हिशेब वेगळा आणि अधिक कडक. कुत्र्यांच्या कातडीवरच्या बहुतेक गाठी निरुपद्रवी निघतात. मांजरांमध्ये घातक गाठींचं प्रमाण बरंच जास्त. पांढऱ्या मांजराच्या कानावर किंवा नाकावर न भरणारी खपली दिसली, की घरचे म्हणतात, बोक्याशी भांडली असेल. उन्हाने होणारा कातडीचा कॅन्सर, स्क्वेमस सेल कार्सिनोमा, नेमका असाच सुरू होतो. वेळेवर कान कापला तर मांजर वाचतं, कान नसलेलं का होईना.

दुसरी गाठ टोचल्या जागेची. १९९१ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या पॅथॉलॉजिस्टांनी प्रथम दाखवून दिलं, की लस टोचतात तिथेच काही मांजरांना सार्कोमा, म्हणजे कातडीखालच्या मांसल भागाचा कॅन्सर, होतोय. प्रमाण दहा हजारांत एक ते चार. आपल्या देशात रेबीज आहे, तेव्हा लस टाळायचा प्रश्नच येत नाही. प्रश्न आहे कुठे टोचायची हा. गाठ तीन महिन्यांनंतरही राहिली, दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली किंवा महिन्यानंतरही वाढतच राहिली, तर बायोप्सी. तीही गाठीचा छोटा तुकडा घेऊन. ‘छोटीशीच आहे, काढूनच टाकू’ हे इथे सर्वांत महाग पडतं, कारण हा सार्कोमा कडेने उरला की दुप्पट जोराने उठतो. नीट काढायचा तर चहूबाजूंनी पाच सेंटिमीटर आणि खाली दोन थर. खांद्यांच्या मध्ये असेल तर मणक्यांची टोकं आणि खांद्याच्या हाडाचा भागही जातो.

म्हणून आता लस पायाच्या खालच्या भागात किंवा शेपटीत टोचावी, असा सल्ला दिला जातो. शेपटी म्हटलं की पालक आधी दचकतात. पण शेपटीवाचून किंवा तीन पायांवर मांजर छान जगतं, गच्चीवर चढतंसुद्धा. लसीच्या कार्डावर तारखेशेजारी जागाही लिहून घ्यावी: मागचा उजवा पाय, गुडघ्याखाली.