चक्रवर्ती आणि चक्रभ्रमण

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, ‘चक्रभ्रमण’ ते ‘डॉक्टर चक्रवर्ती’. पहिलं तेलुगू कादंबरीचं नाव, दुसरं तिच्यावरून निघालेल्या चित्रपटाचं. कादंबरीचा चित्रपट होताना काय बदललं, ते मी सांगायचंय. सांगतेच. पण आधी चित्रपटाबद्दल थोडं बोलू द्या. इथल्या निम्म्या लोकांनी तो पाहिलाय, आणि उरलेल्यांनी त्याची गाणी शेजारच्या घरातून ऐकलेली आहेत. हैदराबादेत वाढलेल्या मराठी माणसाला ती चुकवता येतच नाहीत.

साल १९६४. दिग्दर्शक आदुर्ति सुब्बाराव, ज्यांनी पुढे हिंदीत ‘मिलन’ केला. कलाकार नागेश्वरराव, सावित्री, जग्गय्या, कृष्णकुमारी. आंध्र सरकारनं नंदी पुरस्कार सुरू केले, त्यातला उत्कृष्ट चित्रपटाचा पहिला मान याला मिळाला. संगीत सालुरी राजेश्वररावांचं. घंटसालांनी गायलेलं एक गाणं श्रीश्रींनी लिहिलंय. ज्यांच्या कविता मिरवणुकीत म्हणतात ते श्रीश्री, मनाला मन मिळण्याबद्दल इतकं हळुवार लिहितात! आणि गीतकार आत्रेयांचं ते वीणेचं गाणं. तू नाहीस तर मला बोलताच येत नाही, असं वीणा म्हणते. गायिका पी. सुशीलाबाई तिथे आवाज जरासुद्धा चढवत नाहीत. आमच्या घरी ते लागलं की आई स्टोव्हला पंप मारायची थांबायची. स्टोव्हच्या आवाजात गाणं बुडतं म्हणून. भाजी कच्ची राहिली तरी चालेल.

आता गोष्ट. चक्रवर्ती डॉक्टर आहे आणि धाकट्या बहिणीवर, सुधावर, त्याचा फार जीव. ती आजारात जाते. जाताना तिनं मागितलं म्हणून तो स्वतःचं मन बाजूला ठेवून तिच्या मैत्रिणीशी, श्रीदेवीशी, लग्न करतो. पुढे मित्राच्या बायकोत, माधवीत, त्याला सुधा दिसू लागते. तो तिच्याकडे जातो, बसतो, गायला सांगतो. आणि लोक बोलू लागतात.

मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा सतरा वर्षांची होते आणि मला चक्रवर्तीचा रागच आला होता. घरी बायको आहे, हा दुसरीकडे कशाला जातो? सात वर्षांनी मला उत्तर मिळालं. ते सांगायला जरा वेळ लागेल, पण सांगू द्या.

माझी थोरली बहीण माई नांदेडला दिलेली होती. लहानपणी सांधेतापानं तिच्या हृदयाची झडप आखडली होती. आज फुगा घालून झडप मोकळी करतात, तेव्हा तशी सोय नव्हती. मी इंटर्न होते. रुग्णालयाचं नाव घेत नाही. दुपारी वॉर्डात ट्रंककॉल आला, माईला दम लागलाय, लगेच नीघ. मी वरिष्ठांकडे गेले. ते केसपेपर लिहीत होते, मान वर न करता म्हणाले, “ड्यूटी संपवून जा. तू तिथे जाऊन काय करणार आहेस?” शेवटचं वाक्य खरं होतं, म्हणून जास्त लागलं. मी रात्री आठपर्यंत इंजेक्शनं दिली, सलाइनं लावली, काचीगुड्याहून मीटरगेजची गाडी पकडली. पहाटे पोचले तेव्हा दारात गोवऱ्या पेटवलेल्या होत्या. त्या माणसाला मी आजही माफ केलेलं नाही. शिकवलं त्यानं पुष्कळ, पण हे नाही.

पुढल्या वर्षी माझ्या वॉर्डात एक शिक्षिका आली, न्यूमोनियाची. काही सांगितलं की ती “हौ गं” म्हणायची, हुबेहूब माईसारखं, शेवटचा गं खाली सोडून. मी तिला बरी झाल्यावरही दोन दिवस घरी सोडलं नाही. राउंड संपला की तिच्या खाटेशी जाऊन बसायची, उगाच नाडी बघत. नाडी उत्तम होती. सिस्टर काय ते समजल्या आणि मला चहा तिथेच आणून देऊ लागल्या. कुणी वावगं बोललं नाही. मी बाई होते आणि पेशंटही बाईच. मला जे सहज मिळालं ते चक्रवर्तीला मिळालं नाही, हे मला त्या खाटेशी बसून कळलं.

ग्रंथपालांनी घड्याळ दाखवलं. दहाच मिनिटं? बरं, मग विषयाकडे भरभर येते.

मूळ कादंबरी कोडूरी कौसल्यादेवींची, आंध्रप्रभा साप्ताहिकाच्या स्पर्धेत बक्षीस मिळालेली. तुम्ही पाहिलेला राजेश खन्नाचा ‘प्रेमनगर’ त्यांच्याच कादंबरीवरून आलेल्या तेलुगू चित्रपटाचा हिंदी अवतार. इतकी मोठी लेखिका, आणि मराठीत तिचं नाव कुणाला ठाऊक नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

आता दोन्ही नावं शेजारी ठेवा. चक्र दोन्हींत आहे. पण चक्रवर्ती म्हणजे ज्याच्या रथाचं चाक कुठेही अडत नाही तो. चक्रभ्रमण म्हणजे नुसतं चाकाचं फिरणं, त्याला मालक नाही. त्याच्याखाली सगळे येतात, डॉक्टर, श्रीदेवी, माधवी, तिचा नवरा. चित्रपटानं चाक काढून एका माणसाच्या हाती दिलं, पाटीवर ‘डॉक्टर’ लिहिलं, कारण नागेश्वररावांना पाहायला थिएटर भरणार होतं. सावित्रीनं त्यातूनही माधवी उभी केली, ते तिचं कर्तृत्व. पण माधवी लेखिका आहे हे विसरू नका. एका लेखिकेनं आपल्या कादंबरीत लेखिका ठेवली, आणि डॉक्टरनं तिच्यात बहीण शोधली. त्या बाईला स्वतःला काय वाटत होतं? नाव ‘डॉक्टर चक्रवर्ती’ ठेवलं की हा प्रश्न विचारायचं सुचतच नाही. श्रीदेवीचंही तेच. तिचा संशय आपण खलनायिकेचा धरतो. मेलेल्या मैत्रिणीच्या शब्दावर झालेलं लग्न, आणि नवरा संध्याकाळी दुसऱ्या घरी गाणं ऐकतोय. तिनं काय करायचं होतं?

हो, थांबते. कादंबरीची माझी प्रत पिशवीत आहे, बांधणी सुटलीय म्हणून दोऱ्यानं बांधलीय. ज्यांना तेलुगू वाचता येत नाही त्यांनी जाताना वहीत नाव लिहा. दर गुरुवारी चारला मी इथेच येऊन वाचीन, मराठीत अर्थ सांगत. माधवीपासून सुरुवात करू.