घोडा का अडला?

नमस्कार श्रोतेहो.

लहानपणी एक कोडं आपण सगळ्यांनीच सोडवलंय. भाकरी का करपली? पान का सडलं? घोडा का अडला? तिन्हींचं उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. तव्यावरची भाकरी फिरवली नाही, टोपलीतली विड्याची पानं उलटीपालटी केली नाहीत, पागेतला घोडा मोकळा फिरवला नाही. मी पशुवैद्य. घोड्यांच्या संगतीत बरीच वर्षं काढल्यावर या उत्तराच्या पोटात मला आणखी एक उत्तर सापडलं. अंगावरून हात न फिरवल्यामुळेही घोडा अडतो. म्हणजे तो अडणार आहे, हे आदल्या दिवशीच हाताला कळलं असतं. पण हात फिरवलाच नव्हता.

गोष्ट माथेरानची आहे. तिथे मोटारींना बंदी, त्यामुळे दस्तुरी नाक्यावर गाडी सोडली की पुढे माणसं वाहायला घोडे असतात. एका घोडेवाल्या मामांची राणी नावाची घोडी होती. कुमैत, म्हणजे अंग तांबूस आणि आयाळ-शेपूट काळी. चढावर ती उत्तम चालायची, सपाटीवरही. उतार लागला की उभी राहायची. पर्यटक वर बसलेला, मागून दुसरे घोडे येताहेत, आणि ही लाल मातीत पाय रोवून थांबलेली. मामा म्हणाले, "मॅडम, हिला खोड लागलीय. काहीतरी औषध द्या."

खोडीवर औषध नसतं. मी म्हटलं, आधी खोगीर उतरवा, आणि मला अर्धा तास द्या.

आता अर्धा तास मी काय केलं ते सांगते, कारण आजचं बोलणं त्यावरच आहे. बघणाऱ्याला वाटलं असेल, ही बाई नुसती उभी आहे. आणि पहिली पाच मिनिटं मी खरंच नुसती उभी होते. डाव्या खांद्याजवळ, थोडी तिरकी. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ चौफेर दिसतं, पण दोन जागा सुटतात: अगदी कपाळासमोरची आणि शेपटीमागची. नेमक्या याच दोन जागांवरून लोक जातात. समोरून जाऊन थेट नाकाड्यावर थाप मारतात, आणि मग घोड्याने मान झटकली की म्हणतात, चावरा आहे.

मी हाताची उलटी बाजू पुढे केली. तिने हुंगली. मग मानेवर हात ठेवला. फिरवला नाही, नुसता ठेवला. घोड्याच्या अंगावर माशी बसली तर नेमकी तेवढीच कातडी थरथरते, हे तुम्ही पाहिलं असेल. ज्या जनावराला माशीचं वजन कळतं त्याला तुमचा हात घाईत आहे की नाही, हे कळत नसेल का? आणि आपण मात्र शाबासकी म्हणून त्याच्या मानेवर फाडफाड थापा मारतो. कुठल्याच घोड्याला दुसरा घोडा अशी शाबासकी देत नाही. ते काय करतात, ते पुढे सांगते.

कानामागून सुरुवात करून आयाळीच्या खाली चार बोटं अंतर ठेवून हात हळूहळू मागे न्यायचा. दाब किती? पिकलेला चिकू हातात घेऊन तयार झाला का बघतो ना, तेवढा. बऱ्याच वेळा त्याहूनही कमी. आणि डोळा हातावर नाही ठेवायचा, घोड्याच्या डोळ्यावर ठेवायचा. हात एखाद्या जागी आला की पापणी लवते, किंवा श्वास क्षणभर अडकतो. तिथे थांबायचं. चोळायचं नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी दोन मिनिटं. मग खालचा ओठ सैल पडतो, मान खाली येते, घोडा जीभ-ओठ चाटतो, चघळल्यासारखं करतो, आणि कधीकधी अशी दणदणीत जांभई देतो की आपल्यालाही येते. ताण उतरत असल्याच्या या खुणा. एकट्या खुणेवर मात्र विसंबू नये. पोट दुखत असलेला घोडाही पुन्हा पुन्हा जांभया देतो.

राणीच्या मानेवर हे सगळं छान झालं. हात खांद्याच्या फऱ्यामागे, म्हणजे खांद्याच्या चपट्या हाडामागे आला आणि तिने कान मागे पाडले. उजव्या बाजूला काही नाही, डावीकडे मात्र हात टेकायच्या आधीच कातडी आक्रसली. तिथे केसही विस्कटलेले होते.

इथे घोड्याच्या शरीराची एक गंमत सांगायला हवी. आपल्याला गळ्याखाली हंसळीचं हाड असतं, घोड्याला ते नसतं. त्याचे पुढचे दोन्ही पाय धडाला कुठल्याही सांध्याने जोडलेले नाहीत. दोन फऱ्यांच्या मध्ये सगळं धड स्नायूंच्या झोळीत टांगलेलं असतं. वजनाचा जवळजवळ साठ टक्के भार पुढच्या पायांवर, तोही या झोळीतून. उतारावर खोगीर पुढे घसरतं आणि फऱ्याच्या मागच्या कडेवर दाबतं. पाय खाली टाकायचा तर फरा मागे सरकायला जागा हवी. राणीला ती जागाच उरत नव्हती. ती थांबत होती, कारण पुढचं पाऊल दुखणार होतं.

मामांना म्हटलं, उद्या दोन फेऱ्या झाल्यावर खोगीर काढाल तेव्हा पाठ पुसू नका, नुसती बघा. दुसऱ्या दिवशी त्यांनीच दाखवलं. सगळी पाठ घामाने ओली आणि डाव्या फऱ्यामागे तळहाताएवढा कोरडा डाग. जिथे दाब जास्त, तिथे घामच फुटत नाही. असाच दाब वर्षानुवर्षं राहिला तर त्या जागी पांढरे केस उगवतात. जत्रेत किंवा बाजारात घोडा बघायला गेलात तर पाठीवरचे असले पांढरे ठिपके जरूर बघा. विकणारा सांगणार नाही, पण पाठ सांगते.

उपाय साधा निघाला. खोगिराच्या डाव्या गादीतली भर एका जागी गोळा झाली होती. ती उसवून, पिंजून पुन्हा भरली. मराठीत फालतू मजकुराला आपण खोगीरभरती म्हणतो. घोड्याला विचारलंत तर तो म्हणेल, अहो, खोगीरभरतीइतकी मोलाची गोष्ट दुसरी नाही.

हात ठेवून थांबायची ही रीत माझी नाही. पूर्वी पागेतले मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे लोक, खरारा करता करता घोड्याचं अंग वाचत असत, पण ते ज्ञान हातातच राहिलं, कागदावर फारसं उतरलं नाही. कागदावर आणलं ते अलीकडच्या लोकांनी. लिंडा टेलिंग्टन-जोन्स या कॅनडात 1937 साली जन्मलेल्या घोडेस्वार बाई. 1970 च्या दशकात त्या मोशे फेल्डेनक्राइस यांच्याकडे शिकायला गेल्या. फेल्डेनक्राइस मूळचे भौतिकशास्त्रज्ञ आणि ज्युदोवाले. स्वतःचा गुडघा दुखावला म्हणून हालचालींचा अभ्यास करता करता त्यांनी माणसांसाठी एक पद्धत बसवली. जोर न लावता, सवयीबाहेरच्या लहान लहान हालचालींतून शरीराला नवी वाट दाखवायची. लिंडाबाईंनी ती घोड्यांवर आणली. त्यांची बोटांची वर्तुळं प्रसिद्ध आहेत: कातडीवर घड्याळाचा चेहरा कल्पायचा, सहाच्या आकड्यापासून निघायचं, पूर्ण फेरी करून पुन्हा सहा ओलांडून आठ-नऊपर्यंत जायचं, आणि हात उचलून दुसरीकडे ठेवायचा. बोटं कातडीवरून घसरत नाहीत, कातडीच बोटांबरोबर सरकते. या पद्धतींबद्दल केले जाणारे सगळेच दावे मला पटत नाहीत. पण वर्तुळ मोजायचं म्हटलं की माणसाचा हात आपोआप मंदावतो, आणि मला वाटतं, अर्धं काम तिथेच होतं.

आता घोडे एकमेकांना काय करतात ते. दोन घोडे उलटसुलट उभे राहतात आणि एकमेकांच्या मानेच्या बुडाशी, आयाळ संपते तिथल्या उंचवट्यापाशी दातांनी खाजवतात. फ्रान्सच्या दक्षिणेला कामार्ग नावाचा दलदलीचा प्रदेश आहे, तिथल्या घोड्यांवर झालेलं एक संशोधन 1993 साली प्रसिद्ध झालं. संशोधकांनी नेमक्या याच जागी हाताने खाजवलं, तर हृदयाचे ठोके कमी झाले. दुसऱ्या जागी खाजवलं, तर झाले नाहीत. घोड्याला कुठे बरं वाटतं हे घोडेच ठरवून बसलेत, आपण नुसती नक्कल करायची.

निवांत घोड्याची नाडी मिनिटाला साधारण 28 ते 44 असते. जबड्याच्या खालच्या कडेवर बोटं टेकवून ती मोजता येते. हे शिकून घ्या, फार उपयोगी आहे.

आणि आपली नाडी? 2009 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना घोडा घेऊन एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी चार वेळा जायला सांगितलं. चौथ्या वेळी सांगितलं, या खेपेला वाटेत छत्री उघडली जाईल. छत्री कुणी उघडलीच नाही. पण माणसांचे ठोके वाढले, आणि घोड्यांचेही. घोड्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. माणसाच्या डोक्यातली छत्री त्याला दोराच्या दुसऱ्या टोकाला कळली. म्हणून सुरुवातीला मी पाच मिनिटं नुसती उभी राहते. त्या वेळात घोड्याची तपासणी होत नसते, माझी होत असते. सकाळी घरी भांडून आले असेन तर दहा मिनिटं.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. पाय लंगडतोय, सांधा गरम लागतोय, सूज आहे, ताप आहे, तर हात आवरायचा आणि डॉक्टरला बोलवायचं. घोडा सारखा पोटाकडे वळून बघतोय, खुराने जमीन उकरतोय, लोळतोय, तर एक मिनिटही घालवू नका. पोटशुळाने घोडा काही तासांत दगावू शकतो. आणि वजनाचं भान ठेवा. खोगिरासकट ओझं घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत असावं, असा जाणकारांचा ढोबळ नियम आहे. अडीचशे किलोच्या तट्टावर पन्नास किलो. यात बसणारे पर्यटक किती, ते तुम्हीच बघा. जे बसत नाहीत त्यांच्यासाठी माथेरानच्या सावलीतल्या पायवाटा फार सुंदर आहेत.

मामा सुरुवातीला हसले होते. "घोड्याला गोंजारत बसलो तर मी खाऊ काय?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हंगामात एकेक फेरी मोलाची असते.

पावसाळा संपल्यावर पुन्हा जाणं झालं. दस्तुरीवर गर्दी होती. मामा राणीच्या डाव्या खांद्याशी उभे, तळहात तिच्या मानेच्या बुडाशी, नजर तिच्या डोळ्यावर. एक पर्यटक खोगिराला हात लावून घाई करत होता, "चला ना मामा, निघू या."

मामांनी मान न वळवता सांगितलं, "जरा थांबा साहेब. जांभई येऊ द्या तिला."