आधी तंगूस, मग रील

नमस्कार मंडळी. गावातली काही पोट्टी मे महिन्यात हिमाचलातल्या कुलूकडे ट्राउट मासा धरायला निघाली आहेत. मी नोकरीच्या निमित्ताने तिकडे राहिलो, तीर्थन नदीवर गरी टाकली, म्हणून वाचनालयाने मला बोलायला उभं केलं. मघाशी एकाने मोबाइलवर रील, म्हणजे काठीवरची दोर गुंडाळायची फिरकी, दाखवली. "भाऊ, हे रील पाहा, ढीगभर बेअरिंग आहेत, घेऊ का?" मी विचारलं, तंगूस, म्हणजे गळाचा दोर, कोणता भरणार? तर म्हणे, तो काय, दुकानात मिळेल तो.

माझं सगळं म्हणणं याच्या उलट आहे. आधी मासा आणि पाणी पाहायचं, त्यावरून तंगूस ठरवायचा, आणि तो तंगूस नीट सोडेल, नीट गुंडाळेल असं रील सगळ्यात शेवटी.

ट्राउट आपला मासा नव्हे. इंग्रजांनी १९०० च्या सुमारास तो काश्मीरमध्ये आणला, १९०९ मध्ये कुलूच्या खोऱ्यात. त्याला थंडगार, वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. पाणी २० अंशांच्या वर गेलं की तो कासावीस होतो, मग आपल्या मे महिन्यातल्या तलावाचं बोलायलाच नको. नदीचं पाणी निवळशंख असलं तर जाड दोर त्याला लांबूनच दिसतो. शिवाय त्याच्यासाठी जो फिरता चमचा वापरतात, ज्याला स्पिनर म्हणतात, तो जेमतेम ३ ते ७ ग्रॅमचा. एवढंसं वजन जाड तंगूस ओढून नेऊच शकत नाही. फेकलं की समोर दहा हातांवर पडतं आणि आपण काठीला शिव्या देतो. म्हणून ४ ते ६ पौंडांचा तंगूस. ६ पौंड म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास ताण सोसणारा.

आता तंगुसाची जात. साधा नायलॉन स्वस्त, मऊ, गाठ चांगली धरतो आणि ताणला की बराच लांबतो. हे लांबणं शिकाऊ हाताला फार उपयोगी, कारण माशाने हिसका दिला तर तो हिसका तंगूस खाऊन टाकतो. पण उन्हाने नायलॉन कुजतो. आपल्याकडे पत्र्याखाली वर्षभर टांगलेला तंगूस घेऊन कुलूला जाऊ नका, नवा भरा. फ्लोरोकार्बन पाण्यात कमी दिसतो, लवकर बुडतो, पण ताठ असतो आणि महाग. सगळं रील त्याने भरायची गरज नाही, शेवटचा हात-दोन हात तुकडा जोडला तरी भागतं. तिसरा ब्रेडेड, बारीक धाग्यांची वेणी घातलेला. तेवढ्याच ताकदीला तो नायलॉनपेक्षा कितीतरी बारीक असतो, आणि जवळजवळ लांबत नाही. माशाने नुसतं नाक लावलं तरी हाताला कळतं. पण मासा धडपडला तर तो हिसका थेट त्याच्या नाजूक ओठावर जातो, आणि गरी सुटते. पहिल्या खेपेला जाणाऱ्याने नायलॉनच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

सामन माशाचं कुणीतरी विचारलं. तो आपल्या देशातल्या नद्यांत नाही, पण ऐकून ठेवा. समुद्रात वाढतो, अंडी घालायला नदीत चढतो, आणि नदीत शिरल्यावर खाणं जवळपास सोडून देतो. तरी डिवचल्यासारखा चमच्यावर झडप घालतो. अलास्कातल्या केनाई नदीत १९८५ मध्ये गळाला लागलेला चिनूक सामन ९७ पौंडांचा होता, म्हणजे ४४ किलो. त्याच्यासमोर ट्राउटचं रील म्हणजे खेळणं. तिथे ४००० मापाचं रील आणि मोठ्या चिनूकसाठी वीस-पंचवीस पौंडांच्या पुढचा तंगूस धरतात.

रीलवर येतो. १०००, २५००, ४००० हे आकडे मापाचे, लहानापासून मोठ्याकडे. ट्राउटला २००० पुरेसं. फिरवायची मूठ डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना बसते, त्याची चिंता नको.

या रीलची, म्हणजे स्थिर चकतीच्या स्पिनिंग रीलची, गंमत आपल्या वर्ध्याच्या माणसाला लगेच कळेल. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या लोकर-गिरण्यांच्या मुलखातल्या इलिंगवर्थ नावाच्या गृहस्थाने १९०५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि कल्पना गिरणीतल्या कांडीवरून सुचली म्हणतात. कांडी स्थिर, धागा तिच्या टोकावरून सुटतो. सेवाग्रामला ज्यांनी चरख्यावर सूत काढलं असेल त्यांनी पाहिलंय, धागा चातीच्या टोकावरून घसरला की प्रत्येक फेऱ्याला एक पीळ बसतो. सुताला तो पीळ हवाच असतो. तंगुसाला मात्र तोच पीळ मारतो.

तो कसा बसतो पाहा. मासा पळतोय, रीलचा ब्रेक, म्हणजे ड्रॅग, करकर करत तंगूस सोडतोय, आणि आपण घाबरून मूठ फिरवत सुटतो. तंगूस तर आत येत नाही, पण आतला फिरता भाग मुठीच्या एका फेऱ्याला पाचेक वेळा फिरतो आणि प्रत्येक फेऱ्याला एक पीळ देतो. पाच मिनिटांत तंगुसाच्या गुंतावळ्या. मासा पळतो तेव्हा हात थांबवा, काठी वर ठेवा, तो थांबला की गुंडाळा.

भरतानाही हेच. दोघं लागतात. एकाने तंगुसाची चकती धरायची, दुसऱ्याने गुंडाळायचं. वीस-पंचवीस फेरे झाले की थांबून तंगूस सैल सोडा. तो वेटोळी घालायला लागला तर चकती उलटी धरा. रीलच्या कडेपासून २-३ मिलिमीटर खाली भरणं थांबवा. त्याहून कमी भरलं तर फेक आखूड पडते, काठोकाठ भरलं तर वेटोळी आपोआप सुटतात. ब्रेडेड भरायचाच हट्ट असेल तर आधी थोडा नायलॉन गुंडाळा, नाहीतर तो रीलच्या गुळगुळीत चकतीवर घसरत राहतो.

पैसे खर्चायचे असतील तर बेअरिंगच्या आकड्यावर नको, ड्रॅगवर खर्चा. दुकानात तंगूस हाताने ओढून पाहा. सरळ, एकसारखा सुटला पाहिजे. सुरुवातीला अडकून मग झटक्याने सुटत असेल तर ते रील परत ठेवा. बारीक तंगूस तुटतो तो त्या पहिल्या झटक्यालाच. नदीवर जाण्याआधी घरचा स्प्रिंगचा काटा गळाला लावून ओढा. तंगुसाच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत ताण आला की ड्रॅग सुटायला हवा. ६ पौंडांच्या तंगुसाला काटा सातशे ते नऊशे ग्रॅमच्या दरम्यान दाखवेल. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी गाठ स्वतःच्या घर्षणाने तापते आणि तिथेच कमजोर होते.

परवाना काढल्याशिवाय पाण्यात गरी टाकू नका. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउट धरायला बंदी असते. तुम्ही मे महिन्यात जाताय, त्यामुळे तो प्रश्न नाही.

शेवटचा प्रश्न मागच्या बाकावरून आलाय, याच रीलने आपल्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावात मरळ धरता येईल का? नाही बाप्पा. मरळ कमळाच्या पानांत, गवतात दबा धरून बसते, गळाला लागली की त्याच गवतात घुसते. तिथे तिला हात-दोन हातसुद्धा पळू देता येत नाही. तीस-चाळीस पौंडांचा ब्रेडेड, ताठ काठी, ३००० किंवा ४००० चं रील आणि ड्रॅग जवळपास बंद. सगळंच उलटं. आणि तलाव ज्या ढिवर सोसायटीने ठेक्याने घेतलाय, तिच्या सचिवांना आधी विचारा. माशांचं बीज त्यांनी सोडलेलं असतं.