मुंबईचं सागवान आणि अमेरिकेची गांधीलमाशी

मंडळी, अमेरिकी आरमाराची गोष्ट बहुतेक वक्ते पर्ल हार्बरपासून सुरू करतात. मी मुंबईच्या नौदल गोदीच्या लायन गेटपासून करतो. त्या फाटकाआडच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधलेलं ७४ तोफांचं सागवानी जहाज १८१३ साली पाण्यात उतरलं. नाव कॉर्नवॉलिस, मालक ब्रिटिश आरमार.

आता एप्रिल १८१५. केप ऑफ गुड होप ओलांडून दोन अमेरिकी युद्धनौका हिंदी महासागरात ब्रिटिशांची व्यापारी गलबतं धरायला निघालेल्या. त्यातली एक हॉर्नेट, म्हणजे गांधीलमाशी. कप्तान जेम्स बिडल. समोर एक मोठं जहाज दिसलं. यांना वाटलं, घबाड सापडलं! जवळ गेल्यावर कळलं, ही तर कॉर्नवॉलिस.

मग उलटा पाठलाग सुरू झाला. जहाज हलकं करायला बिडलने नांगर समुद्रात फेकले, दोरखंड टाकले, होड्या टाकल्या, तोफगोळे टाकले, आणि शेवटी तोफासुद्धा समुद्रात ढकलल्या. एक तेवढी ठेवली. कॉर्नवॉलिसचे गोळे डोक्यावरून जात होते, काही लागलेही. पण वारा फिरला आणि गांधीलमाशी निसटली. गंमत बघा, ब्रिटन-अमेरिकेचं युद्ध संपवणारा तह फेब्रुवारीतच मंजूर झाला होता. बातमीच पोचली नव्हती.

ही हॉर्नेट १८२९ मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ वादळात गेली. नाव मात्र अमेरिकेने सोडलं नाही. १८९८ च्या स्पेनशी झालेल्या युद्धात एका धनिकाची सैरसपाट्याची नौका विकत घेतली, तिलाही हेच नाव दिलं.

ऑक्टोबर १९४१ मध्ये आरमारात आली ती विमानवाहू हॉर्नेट. १८ एप्रिल १९४२ ला तिच्यावरून लेफ्टनंट कर्नल डूलिटल या अमेरिकी वैमानिकाच्या नेतृत्वाखाली १६ बॉम्बफेकी विमानं जपानवर निघाली. ही विमानं जमिनीवरची, नौकेवरची नव्हेत. म्हणून डेकवर पांढऱ्या रेषा आखल्या होत्या: एक पुढच्या चाकासाठी, एक डाव्या चाकासाठी. चाकं रेषेवर ठेवली तर उजवा पंख मनोऱ्यापासून जेमतेम सहा फुटांवरून जायचा. सोळाच्या सोळा उडाली.

जूनमध्ये पॅसिफिकमधल्या मिडवे बेटाजवळच्या लढाईत तिच्या टॉर्पेडो तुकडीची १५ विमानं गेली, एकही परतलं नाही. तीस जणांत एकच वाचला. ऑक्टोबरात पॅसिफिकमधल्याच सांताक्रूझ बेटांजवळच्या लढाईत ती स्वतः जायबंदी झाली. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून अमेरिकी विनाशिकांनीच तिच्यावर टॉर्पेडो सोडले, शेकडो तोफगोळे झाडले. तरी बुडेना! शेवटी जपान्यांच्या टॉर्पेडोंनी ती तळाला गेली. आयुष्य, एक वर्ष आणि आठवडाभर.

लगेच बांधणीत असलेल्या दुसऱ्या नौकेचं ठरलेलं नाव पुसून तिला हॉर्नेट म्हटलं. १९६९ मध्ये चंद्रावरून परतलेल्यांना समुद्रातून उचलून घेतलं ते तिनेच.

आणि आपली कॉर्नवॉलिस? १८४२ मध्ये तिच्यावर ब्रिटनचा चीनशी नानकिंगचा तह झाला. म्हातारपणी इंग्लंडमध्ये शीअरनेसला धक्का म्हणून उभी होती. तोडली ती १९५७ साली.