पहिल्या क्रूझची बांधाबांध

नमस्कार श्रोतेहो.

बोटीचा प्रवास म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर अजून भाऊचा धक्काच येतो. मे महिन्याची सुट्टी लागली की आम्ही मुंबईहून बोटीनं कोकणात जायचो. वडिलांच्या खांद्यावर वळकटी, आईच्या हातात डब्यांची पिशवी आणि आम्हा भावंडांच्या वाट्याला पाण्याचा फिरकीचा तांब्या. बोटीत शिरल्याशिरल्या सतरंजी पसरून जागा धरायची. एकदा सतरंजीवर बूड टेकलं की सगळं सामान मांडीपाशी. आई तर रात्रभर ट्रंकेला पाय लावून झोपायची. ट्रंक हलली की ती जागी.

पुढं कितीतरी वर्षांनी मी पहिल्यांदा क्रूझला गेले तेव्हा हीच सवय अंगात होती, आणि तिनंच मला फसवलं. क्रूझवर तुमची बॅग तुमच्या हातून दोनदा जाते. एकदा चढताना आणि एकदा उतरण्याच्या आदल्या रात्री. कुठली बॅग घ्यावी, किती कपडे घ्यावेत हे लोक महिनाभर विचारत बसतात. ते सोपं आहे हो. बॅग जवळ नसेल तेव्हा तुमच्या हातात काय असेल, हे आधी ठरवा.

चढतानाचं सांगते. मुंबईहून जाणार असाल तर बॅलार्ड पिअरला जायचं. तिथलं नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल 2025च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालं. तिथं, किंवा जगातल्या बहुतेक कुठल्याही क्रूझ बंदरात, दाराशीच मोठ्या बॅगा घेतल्या जातात. बॅगेला तुमच्या केबिनच्या नंबराचा कागदी टॅग लावलेला असतो. बॅग एक्स-रेतून जाते आणि शेकडो बॅगांच्या गर्दीतून वाट काढत तुमच्या केबिनच्या दाराशी येते. केव्हा? दोन तासांत, चार तासांत, कधी कधी रात्रीच्या जेवणाच्या वेळेला. तोवर तुम्ही बोटीवर मोकळे. पोहण्याचा तलाव समोर, पोरं पाण्यात उतरायला उतावीळ आणि पोहण्याचे कपडे कुठं? बॅगेत. रक्तदाबाची दुपारची गोळी? बॅगेत. दुसरा चष्मा, फोनचा चार्जर? तेही तिथंच.

म्हणून एक लहान पिशवी अशी भरा, की मोठी बॅग संध्याकाळपर्यंत आली नाही तरी तुमचं काही अडू नये. तिच्यात पासपोर्ट आणि बाकीची कागदपत्रं, त्यांच्या झेरॉक्स, रोजची सगळी औषधं, चार्जर, एक कपड्यांचा जोड, पोहण्याचे कपडे आणि दागिने नेणारच असाल तर दागिने. लहान बाळ असेल तर त्याचं दूध-पावडर आणि लंगोटही इथंच. औषधं ‘सगळी’ म्हटलं मी, एक दिवसाची नव्हे. शिवाय तीनचार दिवसांची जास्त. स्ट्रिपमधून काढून डबीत भरू नका. स्ट्रिपवर नाव असतं, आणि बरोबर डॉक्टरांची चिठ्ठी असली की परदेशी बंदरात कुणी विचारलंच तर उत्तर तयार असतं. बोटीवर दवाखाना असतो, डॉक्टर असतात, पण तिथलं बिल पाहून ज्याचा रक्तदाब नव्हता त्याचाही वाढतो.

आता बोट लागणं. गाडी लागते तशी बोट लागते, आणि घाटात कधी उलटी झाली नाही म्हणून समुद्रातही होणार नाही असं समजू नका. यावर दुकानात गोळ्या मिळतात. पण बाकीच्या औषधांबरोबर त्या चालतात का, हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. आणि त्या पोट ढवळायला लागल्यावर नाही, आधी घ्यायच्या. उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात राहते कुठं? मी आलेपाक नेते. आमच्या कोकणातल्या बोटींवरही प्रत्येक बाईच्या कनवटीला आलं नाहीतर आवळासुपारी असायचीच. शिवाय केबिन निवडायची संधी असेल तर खालच्या मजल्यावरची आणि मधली घ्या. पाळण्याच्या आसाजवळ झोका कमी आणि टोकाला जास्त, तसंच बोटीचंही. मळमळलं तर डेकवर जाऊन क्षितिजाकडं बघत उभं राहायचं. पुस्तकात डोकं खुपसायचं नाही.

केबिनबद्दल मनात राजवाडा असेल तर तो आत्ताच पाडा. खिडकी नसलेली साधी केबिन म्हणजे दीडेकशे चौरस फूट, आपल्या चाळीतल्या खोलीएवढी. बॅगा राहतात पलंगाखाली. म्हणून कडक कवचाची मोठी बॅग नेण्यापेक्षा दोन मऊ बॅगा बऱ्या, रिकाम्या झाल्या की एकीत दुसरी जाते. केबिनच्या भिंती बहुतेक बोटींवर पत्र्याच्या असतात, त्यामुळं खिळा ठोकता येत नाही. तिथं लोहचुंबकाचे हूक फार कामाला येतात. ओला टॉवेल, टोपी, गळ्यातली पिशवी सगळं भिंतीवर. पन्नास-शंभर रुपयांची वस्तू आहे, पण त्या चार हुकांनी आमची खोली मोठी केली. आणि बिनखिडकीच्या केबिनमध्ये दिवा घालवला की सकाळचे दहा आणि रात्रीचे दोन सारखेच. सेलवरचा एक छोटा दिवा न्या, नाहीतर रात्री बाथरूम शोधताना कपाटात शिराल.

काय नेऊ नये, हे मात्र जरा सविस्तर सांगायला हवं. कारण आपल्या मराठी घरातून निघणाऱ्या बॅगेत नेमक्या त्याच वस्तू असतात. छोटी इस्त्री, पाणी गरम करायची किटली, चहासाठीची कॉइल, निरांजन, कापूर, उदबत्ती. हे सगळं काढून घेतात. आमच्या जाऊबाईंनी देवाचा छोटा डबा नेला होता. देव आत गेले, उदबत्तीचा पुडा बाहेर राहिला. जाऊबाई दोन दिवस रुसल्या. पण विचार करा, भर समुद्रात आग लागली तर अग्निशामक बंब कुठून यायचा? आग विझवायची ती बोटीवरच्याच माणसांनी. म्हणून तापणारी किंवा जळणारी वस्तू पाहिली की त्यांचा जीव वर-खाली होतो, आणि तो व्हायलाच हवा.

एक्स्टेंशन बोर्डाचंही तसंच. घरी आपण ‘स्पाइक गार्ड’वाला, म्हणजे विजेचा दाब एकदम वाढला तर उपकरणं वाचवणारा बोर्ड जास्त सुरक्षित समजतो. बोटीवर तोच धोक्याचा. घरच्या वायरिंगमध्ये एक तार फेजची, म्हणजे विजेचा दाब असलेली, आणि दुसरी न्यूट्रलची, म्हणजे जमिनीला बांधलेली, जवळजवळ दाब नसलेली असते. पुष्कळ जहाजांवर न्यूट्रल अशी जमिनीला बांधलेली नसते, दोन्ही तारांत विजेचा दाब असतो. घरासाठी बनवलेला स्पाइक गार्ड तिथं बिघाड झाला तर तापतो आणि पेट घेऊ शकतो. म्हणून साधा, तीनचार यूएसबी खाचांचा चार्जर न्या, आणि चपट्या व गोल पिनांचं अ‍ॅडॉप्टर. आपली तीन जाड पिनांची खुंटी बहुतेक बोटींवर बसत नाही.

धारदार वस्तूंमध्ये आपण चाकू-सुरी काढतो, पण अडकित्ता विसरतो. भाऊजींचा पितळी अडकित्ता, त्यांच्या आजोबांचा, तपासणीतल्या तरुणानं हातात घेऊन उलटासुलटा केला. त्याला बिचाऱ्याला हे हत्यार कसलं तेच कळेना. शेवटी पावती देऊन ठेवून घेतला आणि उतरताना परत दिला. भाऊजी त्या चार दिवसांत सुपारीवाचून राहिले हे मात्र आमच्या घरात अजून सांगितलं जातं.

खाण्याचं काय, हा प्रश्न तर पहिला येतो. बोटीवर उपाशी कुणी राहत नाही, पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत काही ना काही मांडलेलं असतं. तरी लाडू-चिवड्याशिवाय आपला पाय निघत नाही. घरी शिजवलेलं अन्न बहुतेक बोटी आत घेऊ देत नाहीत, सीलबंद कोरडा खाऊ चालतो. आणि दुबईहून सुटणारी क्रूझ असेल तर दिवाळीच्या फराळातले अनारसे घरीच ठेवा. अहो, अनारशाला खसखस असते, आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांत धरतात. मसाल्याच्या पुडीतही ती असू शकते. आईच्या हातचा मसाला विमानतळावर समजावून सांगायची पाळी येऊ नये. उलट बाजूनं, बोटीवरची केळी-सफरचंदं पिशवीत घालून बंदरावर उतरू नका, पुष्कळ देशांत ताजी फळं बाहेरून आणायला बंदी असते.

कपड्यांवर मी जास्त वेळ घालवणार नाही. दिवसा सुती, जेवणघरात शाल, कारण तिथला एसी कमी करता येत नाही. डेकवर पाणी सांडलेलं असतं, तेव्हा रबरी तळाच्या चपला. वाऱ्यात छत्री उलटते, तर हनुवटीखाली बांधता येणारी टोपी. एखाद्या संध्याकाळी नटूनथटून जेवायला बोलावतात. त्यासाठी नवा गाऊन घ्यायला धावू नका, आपली काठपदराची साडी तिथं सगळ्यांत उठून दिसते. आणि विमानानं बंदर गाठायचं असेल तर बोट कितीही सामान घेवो, वजन विमानाचं चालतं. देशातल्या साध्या तिकिटावर सहसा 15 किलो बॅग आणि 7 किलो हातात, एवढंच.

कागदपत्रांतली एक गोम सांगते, कारण तिथं चूक झाली तर बाकीची सगळी बांधाबांध वाया. समजा, तुमची बोट सिंगापूरहून सुटून मलेशियाला जाऊन पुन्हा सिंगापूरलाच येणार. म्हणजे सिंगापुरात तुमचा प्रवेश दोनदा झाला. व्हिसा एकदाच आत येण्याचा असेल तर अडकलात. पासपोर्टची मुदतही सहा महिन्यांहून जास्त उरलेली हवी.

आणि फोन. बोट किनाऱ्यापासून दूर गेली की फोन आपणहून बोटीवरचं उपग्रहाचं नेटवर्क पकडतो, आणि त्याचं बिल घरी आल्यावर कळतं. धक्का सोडला की फोन फ्लाइट मोडवर.

मधल्या दिवसांत बंदरावर उतरायचं तर एक पाठीवरची पिशवी पुरते. पण ती पाठीवरचीच हवी. लक्षद्वीपला मोठी बोट प्रवाळाच्या रांगेबाहेर उभी राहते आणि लहान होड्यांतून बेटावर नेतात. होडीत पाय टाकताना दोन्ही हात मोकळे पाहिजेत. मला तिथं वेंगुर्लं आठवलं. तिथंही बोट धक्क्याला लागत नसे, खोल पाण्यात उभ्या बोटीवरून खाली पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरायचं. पडावातला माणूस ओरडायचा, ‘हात द्या, पिशवी नको!’ लक्षद्वीपच्या खलाशानं अगदी तेच सांगितलं, फक्त भाषा वेगळी.

राहिली ती शेवटची रात्र. त्या रात्री मोठी बॅग भरून, नवा टॅग लावून, अकरा-बाराच्या आत केबिनबाहेर ठेवायची असते. रात्रीतून ती उचलतात आणि सकाळी धक्क्यावर मांडतात. मी मोठ्या टापटिपीनं सगळं भरलं. घड्या घातल्या, चेन लावली, बॅग बाहेर ठेवली आणि निवांत झोपले. सकाळी उठले तर अंगावर गाऊन, आणि बाकी सगळं गेलेलं. साडी गेली, चपला गेल्या, कंगवासुद्धा गेला. आमचे हे म्हणाले, ‘असंच चल, कोण बघतंय?’ शेवटी जाऊबाईंचा पंजाबी ड्रेस आणि ह्यांच्या स्लिपर घालून मी बोटीवरून उतरले. तेव्हा बॅग भरायच्या आधी सकाळचे कपडे पलंगावर काढून ठेवा, आतल्या कपड्यांपासून चपलांपर्यंत, आणि मगच चेन ओढा.

खाली हॉलमध्ये पाहावं तर सगळ्या बॅगा काळ्या. मी हुशारीनं माझ्या बॅगेच्या मुठीला हिरव्या खणाचा तुकडा बांधला होता. पाहते तो शेजारच्या बॅगेलाही हिरवाच खण, तसाच बारीक काठाचा. तिची मालकीणही तिथंच उभी, डोंबिवलीच्या बाई होत्या. दोन्ही बॅगांचे कागदी टॅग रात्रीत फाटून गेलेले, आणि आत नावाची चिठ्ठी घालायचं दोघींनाही सुचलं नव्हतं. मी म्हटलं, ‘उघडून बघूया, माझ्या बॅगेत वरच आलेपाकाचा पुडा आहे.’

त्या म्हणाल्या, ‘माझ्यातपण.’