साडेपाचची बस सुटायच्या आधी

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या बेळगावच्या आसपास विद्यापीठं आता चांगली रुजली आहेत. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ पासून मच्छेजवळ आहे. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० मध्ये हायवेला लागून भूतरामनहट्टीला सुरू झालं. केएलई संस्थेची सुरुवात तर १९१६ ची, आणि तीही सात शिक्षकांनी एकत्र येऊन केलेली. आजही लोक त्यांना सप्तर्षी म्हणतात. विद्यापीठ म्हटलं की आपण प्रवेश, फी आणि निकाल यांवर बोलतो. मला आज तिथं नोकरी करणाऱ्या माणसांबद्दल बोलायचं आहे. प्राध्यापक त्यात आलेच. पण त्यांच्या आधी गेट उघडणारा वॉचमन, ऑफिसातले एफडीए आणि एसडीए, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या श्रेणीचे क्लार्क, ग्रंथालयातले सहायक, हॉस्टेलचे स्वयंपाकी, ड्रायव्हर, डी ग्रुपचे, म्हणजे शिपाई वर्गातले मामा, झाडलोट करणाऱ्या मावशी आणि दर वर्षी नवी ऑर्डर हातात पडेपर्यंत जीव टांगणीला लागलेले अतिथी प्राध्यापक, ही सगळीही त्याच विद्यापीठाची माणसं. एका आवारात वर्षानुवर्षं काम करून ती एकमेकांची होतात का, हा माझा आजचा विषय.

माझी नोकरी एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात झाली. कॉम्प्युटर यायच्या आधी गुणांची लेजरं हातानं भरली जायची. मग ती ताडून बघायची. एकानं आकडे मोठ्यानं वाचायचे, दुसऱ्यानं समोरच्या कागदावर लाल पेन्सिलीनं खूण करत जायचं. हे काम एकट्याला करताच यायचं नाही. त्यामुळे निपाणीचा माणूस सौंदत्तीच्या माणसासमोर बसायचा, खानापूरची मुलगी गोकाकच्या वयस्कर क्लार्कसमोर. आकडे कधी मराठीत यायचे, कधी कन्नडात, आणि पेन्सिल अडायची नाही. वाचणाऱ्याचा घसा बसला की समोरचा पाण्याचा तांब्या पुढे सरकवायचा. रोज तोच आवाज कानावर पडत असल्यामुळे, आज याच्या घरी काहीतरी बिनसलंय, हे पहिल्या पाच ओळींतच कळायचं. विचारायला कुणी मुद्दाम जात नसे. चहाच्या वेळी ते आपसूक निघायचं.

ते दिवस परत यावेत असं मी म्हणणार नाही. सॉफ्टवेअरमुळे चुका कमी झाल्या, निकाल लवकर लागू लागले, आणि रात्री नऊपर्यंत आकडे वाचणाऱ्या बायकांना घरी जायला बस मिळेना, ते हालही संपले. पण त्या कामाच्या रीतीतच माणसाला माणसासमोर बसवायची सोय होती. काम बदललं तशी ती सोय गेली, आणि तिच्या जागी दुसरं काही उभं करायला हवं हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आता प्रत्येकाला आपला स्क्रीन आणि आपला पासवर्ड. दिवसभरात शेजारच्या टेबलाशी एक शब्द न बोलता काम पुरं होतं.

याला मी गंभीर गोष्ट मानते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक जोडणीविषयीच्या आयोगानं जून २०२५ मध्ये अहवाल दिला. जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा ग्रासतो, आणि त्याच्याशी निगडित असे वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यू होतात, असा त्यांचा अंदाज आहे. या आयोगाचे एक सहअध्यक्ष डॉ. विवेक मूर्ती. त्यांचं मूळ घराणं आपल्याच राज्यातलं, मंड्या जिल्ह्यातल्या हल्लेगेरे गावचं. अमेरिकेचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख डॉक्टर, असताना २०२२ मध्ये त्यांनी कामाच्या ठिकाणी मन निरोगी राहावं यासाठी पाच गोष्टी सांगितल्या होत्या, त्यांतली एक सहकाऱ्यांमधली जवळीक. म्हणजे पगार आणि सुरक्षितता यांच्याच पंक्तीला त्यांनी ती बसवली.

आणि यासाठी जिवाभावाची मैत्रीच व्हायला हवी असं नाही. जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन या दोघींचं संशोधन २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. विद्यार्थी ज्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वर्गबंधूंशी, अगदी जुजबी ओळखीच्याही, बोलले, त्या दिवशी ते अधिक आनंदी होते आणि आपण इथले आहोत ही भावनाही त्यांना अधिक जाणवली. ऑफिसातही मला हेच दिसलं. गेटवर वॉचमननं नावानं हाक मारली की दिवस वेगळा सुरू होतो.

खरं तर आपल्या भागाला हे शिकवायला नको. गल्लीचे पंच, गणेशोत्सवाचं मंडळ, भजनी मंडळ यांत आपली माणसं वाढलेली. कडोली, येळ्ळूर, उचगाव इथं गावकरी मिळून साहित्य संमेलन भरवतात. मांडव कोण बघणार, पाहुण्यांचं जेवण कोणाकडे, हे आपसांत ठरतं. गावात पेटीवर बसला की ज्याच्याभोवती चाळीस माणसं जमतात, तोच माणूस सोमवारी ऑफिसात नुसता एक एसडीए असतो. तो पेटी वाजवतो हे त्याच्या सेक्शनमध्ये कुणाला ठाऊक नसतं.

मात्र गल्लीची रीत जशीच्या तशी ऑफिसात आणून भागणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ऑफिसात घोळके असतातच. एका गावचे, एका भाषेचे, एका जातीचे. त्यांचे डबे एकत्र उघडतात, त्यांची भिशी चालते, अडीनडीला ती माणसं धावून जातात. त्यात वाईट काहीच नाही. पण जो कुठल्याच घोळक्यात बसत नाही, त्याला त्या हसण्याखिदळण्याच्या शेजारी जेवताना जास्तच एकटं वाटतं. नवीन बदली होऊन आलेला कलबुर्गीचा इंजिनिअर घ्या, किंवा कंत्राटी कंपनीमार्फत आलेली सफाईची मुलगी घ्या. ती तर जिन्याखाली बसून जेवते, कारण स्टाफ रूममध्ये बसायचं की नाही हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. मराठी आणि कन्नड यांच्यातलं बाहेरचं राजकारण तापलं की हे घोळके आणखी घट्ट होतात. अशा दिवसांत दुसऱ्या भाषेच्या टेबलावर जाऊन ‘ऊटा आत्री?’, म्हणजे जेवण झालं का, असं कन्नडात विचारणाऱ्या माणसाची मला फार किंमत वाटते.

आपल्या सणांतही निवड करावी लागेल. संक्रांतीचं हळदीकुंकू हौसेनं होतं, पण नवरा गेलेली मैत्रीण त्या तासात कुठल्या तरी फाईलचं निमित्त काढून ग्रंथालयात जाऊन बसते. मी हे पाहिलेलं आहे, आणि मला ते सहन होत नाही. तिळगूळच द्यायचा असेल तर बायका, पुरुष, सगळ्यांनाच द्यावा. त्यापेक्षा खंडेनवमी मला जवळची वाटते. त्या दिवशी गाड्या धुतल्या जातात, झेरॉक्स मशीनला झेंडूचा हार पडतो आणि पूजेला पुढे ड्रायव्हर असतो. कुलसचिवसुद्धा त्याच्या हातचा प्रसाद घेतात. ज्याचं हत्यार त्याचा मान. पण या मानाचा वर्षाला एकच दिवस येतो, उरलेल्या दिवसांचं काय?

मला वाटतं, यासाठी वेळ ऑफिसनंच द्यायला हवा. सगळे स्वतःहून मिसळतील ही अपेक्षा शहराबाहेरच्या आवारात फोल ठरते. साडेपाच वाजले की प्रत्येकाचा डोळा सीबीटीच्या, म्हणजे बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकाच्या बसवर. ती चुकली तर पुढे चिक्कोडीची किंवा खानापूरची गाडी चुकते. लहान मुलं घरी असलेल्या बाईला संध्याकाळच्या कार्यक्रमाला थांब म्हणणं हा जुलूम आहे. तेव्हा जे काही करायचं ते दहा ते साडेपाचच्या आतच. आठवड्यातून एकदा अर्धा तास, एकाच ठिकाणी, सगळ्या दर्जांच्या माणसांचा मिळून चहा. पुढारी नको, माईक नको, भाषण तर नकोच.

दुसरं म्हणजे कामंच अशी द्यावीत की दोन विभागांची माणसं एकत्र बसतील. पदवीदान समारंभाच्या तयारीत हे आपोआप होतं. प्राध्यापक, माळी आणि क्लार्क खांद्याला खांदा लावून खुर्च्या मोजतात, आणि पुढे महिनाभर कॉरिडॉरमध्ये एकमेकांना थांबून बोलतात. तेवढी ओळख बाकीच्या वर्षातही होऊ शकते. सेवापुस्तक कसं वाचायचं हे एखाद्या जाणत्या एफडीएनं नव्या प्राध्यापकांना शिकवावं, आणि प्राध्यापकांनी डी ग्रुपच्या मुलांच्या दहावीच्या गणिताकडे बघावं.

आणि पहिला दिवस. नवा अतिथी प्राध्यापक रुजू होतो तेव्हा त्याला टेबल मिळत नाही, किल्ली मिळत नाही, कँटीन कुठं हेही तो विद्यार्थ्यांना विचारतो. त्याच्याबरोबर एक माणूस दिवसभर असावा, आणि तो त्याच्या विभागातला नसावा. फोनच्या यादीत, ओळखपत्रावर आणि निरोपसमारंभात कंत्राटी माणसांची नावं असावीत. याला कुठलीही ग्रँट लागत नाही, विभागप्रमुखांच्या सहीचं एक पत्र पुरतं. हे भाषण ऐकणाऱ्यांत असे विभागप्रमुख असतील, तर त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, की नवं सत्र सुरू व्हायच्या आधी ते पत्र काढा, आणि त्याची एक प्रत गेटवरच्या केबिनमध्येही लावा.